अठ्ठ्याहत्तर नंबरची शटलं

जुसारा : डबे चार. पहिल्यात बारा शटलं, दुसऱ्यात बारा, तिसऱ्यात सात. चौथ्यात पाच, पण त्यातल्या दोनांची पिसं गेलीत. म्हणजे चौतीस धरायची. रॅकेट अकरा, त्यातल्या तिनांच्या तारा तुटल्यात. नेट एक, दोन ठिकाणी गाठ मारलेलं. पंखे चार, चालू एकही नाही.

अदेमार सर : चारही चालतात.

जुसारा : चालतात, सर. आपण चालवत नाही. वाऱ्यानं शटल वाकडं जातं म्हणून सात वर्षं आपण या हॉलच्या भट्टीत पंखा लावला नाही. एवढी काळजी होती आपल्याला शटलची.

अदेमार सर : झाली ना मोजणी? मग सोमवारपासून ही सव्वीस पोरं तुझी. नगरपालिकेत बोललोय मी, मदतनीस म्हणून घेतील तुला. मी तिथे कोपऱ्यात खुर्ची टाकून बसेन आणि ओरडेन.

जुसारा : मी हो म्हटलेलं नाही.

अदेमार सर : अजून कुरितिबाच घोळतंय डोक्यात.

जुसारा : एकवीस-नऊ, एकवीस-अकरा हरले. कुठे जाणार डोक्यातून? ज्युनियर संघाची ती माझी शेवटची निवड चाचणी होती. पुढच्या वर्षी वय बसत नाही.

अदेमार सर : हे बघ बाळा, थंडीत तुझा हात आखडला. टेरेसिनाच्या माणसाचा हात तिकडे दक्षिणेतल्या गारठ्यात आखडणारच. परत आल्यापासून हेच सांगतोय मी तुला.

जुसारा : निवड समिती काय म्हणाली होती?

अदेमार सर : कशाला तेच तेच?

जुसारा : 'पाय उत्तम, डोकं उत्तम, पण मागून मारायला हातात जोर नाही.' तुम्ही शेजारीच उभे होतात. मान डोलावलीत.

अदेमार सर : वाद घालून काय पदरात पडणार होतं?

(जुसाराची आई रायमुंदा दारातून आत येते. गळ्यात शिवणकामाची टेप.)

रायमुंदा : हिचा निरोप आला, टेप घेऊन ये. मला वाटलं, पोरांच्या शर्टांची मापं घ्यायची असतील. एका बाईला अर्ध्या बाहीवर सोडून आलेय. बोल.

जुसारा : आई, तू त्या पलीकडच्या मागच्या रेषेपाशी बस. शटल जिथे पडेल तिथून रेषेपर्यंत मापायचं. आत पडलं की बाहेर, तेही सांगायचं.

अदेमार सर : हा काय खेळ मांडलाय?

जुसारा : कुरितिबात सामन्याआधी पंच हेच करत होते. मागच्या रेषेवर उभं राहायचं, खालून पूर्ण ताकदीनं मारायचं. समोरच्या मागच्या रेषेच्या आत, त्रेपन्न ते नव्व्याण्णव सेंटिमीटरच्या पट्ट्यात पडलं तर ते शटल त्या हॉलला चालतं. नाहीतर दुसरा डबा उघडायचा. मी तिथे पहिल्यांदा बघितलं. तुम्हाला माहीत असणार.

अदेमार सर : असतं पुस्तकात असलं.

रायमुंदा : मारतेस का भाषण करतेस? माझे गुडघे दुखतात असं बसून.

जुसारा : मारते.

रायमुंदा : अगं बाई. इतक्या जोरात मारताना मी तुला कधी बघितलं नाही.

जुसारा : किती?

रायमुंदा : रेषेच्या पलीकडे गेलं. चार. बाहेर.

जुसारा : हे दुसरं घे.

रायमुंदा : सहा. बाहेर.

अदेमार सर : दार उघडं आहे. वाऱ्यानं गेलं.

रायमुंदा : ऑक्टोबरात टेरेसिनात वारा? सर, वारा असता तर पाठीला चिकटलेला हा झगा केव्हाच सुटला असता.

जुसारा : डब्याच्या झाकणावर वेगाचा नंबर अठ्ठ्याहत्तर लिहिलाय. कुरितिबातही अठ्ठ्याहत्तरच होती. तिथल्या गारठ्यात ती बरोबर पडतात. आपल्याकडे हवा गरम, म्हणजे पातळ. शटलला अडवत नाही, ते लांब जातं. इथे मंद, पंचाहत्तर नंबर लागतो. मी पंचांना विचारलं, तर ते हसायला लागले. म्हणाले, तुमच्या गावात अठ्ठ्याहत्तर कोण वापरतं?

रायमुंदा : कोण वापरतं?

अदेमार सर : दक्षिणेतल्या क्लबांकडची उरलेली शटलं येतात आपल्याकडे. त्यांच्या थंडीतली. फुकट देणाऱ्याला का नंबर विचारायचा?

जुसारा : तुम्हाला माहीत होतं का, एवढंच विचारतेय.

अदेमार सर : सगळीकडे असंच चालतं, पोरी.

रायमुंदा : सर, सोपा प्रश्न आहे.

अदेमार सर : माहीत होतं.

रायमुंदा : मग यानं झालं काय, ते मला कळेल असं सांगा कोणीतरी.

जुसारा : इथे पूर्ण जोरानं मारलं की शटल बाहेर. बाहेर गेलं की सर ओरडायचे, 'हात आवर'. मी आवरला. सात वर्षं आवरला. मग कुरितिबात त्याच हातानं खेळले. माझं प्रत्येक शटल अर्ध्यात पडायचं आणि समोरची आरामात उभी राहून हाणायची.

रायमुंदा : म्हणजे हिच्या हाताला काही झालेलं नव्हतं.

जुसारा : आणि परत आल्यापासून मी रोज पाण्याचे कॅन उचलतेय, हातात जोर यावा म्हणून. हे शेजारी उभे राहून 'अजून दहा' म्हणतात.

अदेमार सर : व्यायाम वाया जात नाही.

जुसारा : सर.

अदेमार सर : मग ऐक. पिसांची टोकं बाहेर वाकवली की शटल मंदावतं. तू बारा वर्षांची होतीस तेव्हा एक डबा वाकवून बघितला होता मी. वाकवलेलं पीस लवकर तुटतं. बारापैकी नऊ शटलं दुपारपर्यंत गेली. महिन्याला चार डबे येतात आणि पोरं सव्वीस. सगळी वाकवली असती तर निम्मा महिना पोरं रस्त्यावर. रस्त्यावर काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. काय करायला हवं होतं मी?

जुसारा : मला सांगायला हवं होतं.

अदेमार सर : सांगितलं असतं तर तू तुझ्यापुरती वाकवून मागितली असतीस.

जुसारा : हो.

अदेमार सर : आणि मी दिली असती. मग बाकीच्यांनी लिंबांनी खेळायचं?

रायमुंदा : कुरितिबाला जायच्या आधी एक डबा वाकवायचा. एकच.

अदेमार सर : त्या महिन्यात तीनच आले होते, रायमुंदाबाई.

रायमुंदा : कापड कमी पडलं तर मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते. बाही आखूड होईल, चालेल का विचारते. गुपचूप आखूड शिवून वर 'तुझाच हात लांब आहे' म्हणत नाही.

अदेमार सर : बोला. तुमचा हक्क आहे.

रायमुंदा : हक्काचं काय करू? तिचं वय गेलं.

अदेमार सर : सोमवारी येणार का नाही, तेवढं सांग, जुसारा. मला आता पळवत नाही. आणि ती केइला. बारा वर्षांची आहे, पण मनगट अगदी तुझ्यासारखं आहे.

जुसारा : तिलाही 'हात आवर' सांगता?

अदेमार सर : कालच सांगितलं.

जुसारा : एक शटल द्या. पहिल्या डब्यातलं, कोरं.

अदेमार सर : चौतीसच आहेत.

जुसारा : तेहतीस राहतील.

अदेमार सर : हे घे.

रायमुंदा : आता काय करतेस त्याचं?

जुसारा : सोळा पिसं आहेत. एकेकाचं टोक बाहेर वाकवायचं.

अदेमार सर : तसं नाही. नखानं दाबू नकोस, मोडेल. बोटाच्या पेरावरून हळूच वळव. हं, मोडलंस की नाही? आण इकडे. दुसरं दे.

रायमुंदा : बत्तीस.

जुसारा : सवय आहे तुमच्या बोटांना.

अदेमार सर : पूर्वी रोज करायचो. मी स्वतः खेळायचो तेव्हा. झालं, घे.

रायमुंदा : एवढंच? मला बटण लावायला जास्त वेळ लागतो.

जुसारा : आई, रेषेपाशी जा.

रायमुंदा : जाते. मघासारखं जोरात मार.

अदेमार सर : हात आवरू नकोस.

जुसारा : हे तुम्ही म्हणताय.

अदेमार सर : मार.

जुसारा : पडलं. आई?

अदेमार सर : बाहेर गेलं का?

रायमुंदा : थांबा, टेप सरळ करू द्या. बासष्ट. आत.