बाबलच्या पिंपातलं तेल

प्लॅस्टिकपासून तेल निघतं हे मला काय सांगता, आमच्या आचऱ्यात बाबल मेस्त्रीने ते चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीतच काढलं होतं. किनाऱ्यावरच्या पिशव्या, फुटक्या बादल्या बंद पिंपात तापवायच्या आणि वाफ नळीतून थंड करायची. कौलाचा चुरा घातला की प्लॅस्टिकची वाफ लवकर होते, हा त्याचाच शोध. त्या तेलावर त्याने स्टोव्ह पेटवला. कुणीतरी कळवलं आणि पुरवठा खात्याचे साहेब आले.

"रॉकेल बनवता? परवाना कुठे आहे?"

"साहेबांनू, ह्यो दर्यान वाळवेर टाकलेलो कचरो आसा."

"असू दे. पिंप जप्त."

पिंप जीपमध्ये चढवायला आम्हीच हात लावला. बाबलने उरलेल्या ढिगाकडे बोट दाखवलं. "मगे ह्येचा काय करू?"

"टाका समुद्रात," साहेब म्हणाले. "त्याला परवाना लागत नाही."