हंडा खाली कर

ये गो बाय, अशी जवळ बस, दारात उभी राहून काय ऐकशील? चार महिन्यांनी तोंड दाखवतेस आन वर बोलतेस, आजी, लिवून घेते. घे लिवून. पर मधी थांबवू नको, मग माझं सुटतं.

माझं माहेर मनोरच्या पल्याड डोंगरात, लगीन होऊन बोईसरच्या पाड्यावर आली. नवरा ताडी काढायचा. एक दिस ताडावरून पडला आन कमरेत मोडला तो मोडलाच, कूस बदलायलाबी माणूस लागे. मी गवत कापायला लांब गेली तर दुपारी त्याला पाणी कोण देणार, हाच घोर. तेवढ्यात तारापूरचं विजेचं काम निघालं, तिथल्या माणसांच्या चाळी आमच्या पाड्याला लागून बांधायला घेतल्या. पाणीवाली पायजे होती. एकच. मी गेली, आन शेजारची गंगीबी आली. तिचा नवरा धडधाकट, पर पिऊन पडलेला.

मुकादम हिंदीवाला. दोन पिपं दाखवली न बोलला, जिचं आधी भरंल ती कामावर.

काय सांगू तुला, विहिरीकडं धावलो आमी. तिनं माझा दोर ओढला, मी तिचा हंडा लवंडला, तिनं पदर धरला, मी चुन्यात बसली, उठली, परत धावली. गवंडी काम टाकून हसतायत, कोण बोलतंय धर तिला, कोण बोलतंय पाड. शेवटचा हंडा घेऊन मीच आधी पोचली. ओतणार, तर मुकादम ओरडला, खाली करो, खाली करो! मला वाटलं काय चुकलं, खाली ठेव बोलतोय. ठेवला. त्याच्या बोलीत खाली म्हंजे रिकामा, ते मला काय ठाऊक? मागनं गंगी आली ती माझ्या हंड्याला अडखळली, तिचं अर्धं पाणी मुकादमाच्या अंगावर, अर्धं तिच्या पिपात. आन पीप भरलं.

मग गंगी कामावर, मी गवतावर. पयल्या दिवशी दिवेलागणीला आली, तर तांब्या भरलेला, कूस बदललेली, आन हा हसतोय. गंगी दुपारी पाणी देऊन गेली बोलला, तू चुन्यात कशी बसलीस ते करून दाखवलंन. मग रोजच यायची ती. फाल्गुनात तो गेला. पडल्यापासून एकदाच पोट धरून हसला, त्या दुपारी गंगीपुढं, आन मी तवा गवतात वाकलेली.

गंगीला दोन शब्द बरे बोलायचे होते. पर मी घरी यायची तर जीव नसायचा अंगात, नंतर राहूनच गेलं. आता तिला दिसत नाय, मला चालवत नाय. ती पाड्याच्या त्या टोकाला, मी या.

पुढल्या खेपेला लवकर ये गो बाय. हात धरून मला तिच्याकडं ने.