न तुटणारा बंध

(गोंदियातला दवाखाना. चार वर्षांची रेणू आई मंगलीच्या मांडीवर झोपली आहे.)

दुधराम : पाहा, रिपोर्टात साखरच निघाली ना! मी तेच सांगून राहिलो होतो मॅडम. माह्या चुलतीनं, सुमित्राकाकूनं, पोरीले मोहाचा लाडू चारला. तवापासून तिचे बोटं वाकडे होऊन राहिले.

डॉ. प्रेरणा : दुधराम, ही खाण्यातली साखर नाही. लाडवाचा काही संबंध नाही.

मंगली : मंग कोनती साखर हाये?

डॉ. प्रेरणा : आपल्या सांध्यांत, कातडीत, डोळ्यांत साखरेच्या लांब साखळ्या असतात. त्यांतल्या काही कड्या आम्लाच्या. कडीला कडी बंधानं पक्की जोडलेली. साखळी जुनी झाली की शरीर ते बंध एकेक करून तोडतं. रेणूच्या शरीरात एक बंध तोडणारा रसच तयार होत नाही. तिथं अडलं की मागचं सगळं साचत जातं.

दुधराम : जन्मली तवा तं चांगली होती.

डॉ. प्रेरणा : दिसत होती. साचायला वेळ लागतो. आता बोटं, पाठ, डोळे. पुढं हृदय. याच आठवड्यात नागपूरला न्या. उपचार आहेत, पण झालेलं सगळं परत फिरत नाही.

मंगली : हे आलं कोठून तिच्यात?

डॉ. प्रेरणा : तुम्हा दोघांकडून. अर्धी खोट तुमच्यात, अर्धी यांच्यात. अर्धीनं माणसाला काही होत नाही. तिला दोन्ही मिळाल्या. कुणाचा दोष नाही.

मंगली : म्हंजे करनी नाही?

डॉ. प्रेरणा : नाही.

मंगली : किती वाजले, मॅडम?

डॉ. प्रेरणा : चार वाजत आले. का?

मंगली : चारले गावात बैठक हाये. काकूनं करनी केली म्हून. इचारा यायले, तिचं नाव कोनं घेतलं ते.

दुधराम : पोरगी डोळ्यासमोर वाकून राहिली होती. मी का करतो मंग?

मंगली : दुर्गेशले फोन लाव. तुहा भाऊ तेथंच असंन.

दुधराम : का सांगू त्याले? आमचंच रक्त खराब हाये म्हणून? नागझिऱ्याच्या जंगलात गाईड हावो मी, चार लोकं मानतेत मले.

डॉ. प्रेरणा : मी पोलिसांना कळवते. तुम्ही भावाला थांबवा. म्हातारीच्या जिवाचा प्रश्न आहे.

दुधराम : आधी नागपूरचं होऊ द्या. मंग सांगू.

मंगली : आन तो फोन इकडं. ...भावजी?

दुर्गेश (फोनवर) : वयनी? भाऊ कोठं हाये? लोकं काकूले घरातून वढून आनून राहिले.

मंगली : सोडा तिले! तिनं काही नाही केलं. पोरीले हे पोटातूनच आलं. माह्याकडून आलं.

डॉ. प्रेरणा : दोघांकडून, मंगली. दुधराम, तुम्ही बोला ना.

दुर्गेश (फोनवर) : तुमच्याकडून म्हनता, वयनी?

मंगली : हो. सोडलं का तिले?

दुर्गेश (फोनवर) : सोडलं. पारावर बसली हाये.

मंगली : पानी द्या तिले.

दुर्गेश (फोनवर) : देतो. वयनी, फोन स्पीकरवर हाये, तुमच्याकडून आलं हे समद्यायनं आयकलं. बैठक अजून उठली नाही. लोकं इचारून राहिले, तुमी घरी केव्हा येता?