साडेचार हातांची साखळी

पाळकसाहेब, सरपंच, रूथवहिनी, आणि चावडीपुढं जमलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

मी दगडू वखारवाला. लाकडाच्या वखारीत गिऱ्हाइकाशी दिवसभर हुज्जत घालणारा माणूस. तिथं माझा आवाज वेशीपर्यंत जातो. आणि आज इथं चार शब्द बोलायचे म्हटलं, तर आवाज पहिल्या रांगेपर्यंतही जाईना. समोर हा शमुवेलभाऊंचा फोटो ठेवलाय, पोस्टाच्या टोपीतला. मला सारखं वाटतंय, आत्ता घंटी वाजेल, सायकल वखारीच्या भिंतीला टेकेल, आणि हा माणूस म्हणेल, "दगडूशेठ, करा सही."

बेस्तरवारी ते गेले. तापाचं निमित्त झालं. पेन्शनीत जाऊन वर्षही झालं नव्हतं. गावभर हिंडलेले पाय जरा कुठं खाटेवर टेकले होते. त्या दिवशी मी रडलो. लपवत नाही. पण आज मी रडायला उभा राहिलेलो नाही. शमुवेलभाऊ जिंकून गेलेत, मंडळी. आणि जिंकले कुणाला? मला. म्हणून मीच सरपंचांना म्हटलं, मला बोलू द्या. हरलेल्यानंच सांगायला पाहिजे.

मिरजगावच्या पोस्टातली मंडळी आलीत, पाहुणे आलेत. त्यांना सगळं ठाऊक नाही. त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगतो.

माझ्या वखारीत एक कुत्रं आहे. खंड्या. त्या वेळी तो पाच वर्षं साखळीला होता. पिल्लू होता तेव्हा बांधला तो बांधला. राखणीचं कुत्रं बांधलेलंच असतं, असं मला वाटायचं. तुम्हालाही वाटायचं, आता माना खाली घालू नका. एके दिवशी खुंट्यावरून साखळी निसटली आणि खंड्या सुटला. समोर कोण? डाक घेऊन आलेले शमुवेलभाऊ. पोटरीचा लचका तोडला. तालुक्याच्या दवाखान्यात पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली त्यांना. घेतली असतील कुणी इथं, तर त्यांना विचारा ते काय असतं.

आता डॉक्टर काय सांगतो? कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. दहा दिवस कुत्रं जगलं, तर भीती नाही. दुसरा कुणी असता तर वाटेनं जाता जाता विचारलं असतं, "हाय का जिवंत?" शमुवेलभाऊ रोज आले. लंगडत आले. साखळी पोचणार नाही इतक्या अंतरावर लाकडाच्या ओंडक्यावर बसायचे आणि कुत्र्याकडं बघायचे. एक दिवस अर्धा तास, दुसऱ्या दिवशी तास. दहा दिवस. पाच वर्षं कुत्रं माझं होतं, पण मी कधी दहा मिनिटं असं बघितलं नव्हतं.

अकराव्या दिवशी मला म्हणाले, "दगडूशेठ, ह्यो कुत्रा पिसाळल्याला न्हाई. पर आसाच बांधला तर एक दिस येड लागंल त्याला. मला तो चावला न्हाई, तुमची साखळी चावली."

मला राग आला. मला लवकर येतो, सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी मी खुंट्याकडून साखळी आणखी आखूड केली. साडेचार हात ठेवली.

पुढं सहा महिने हा माणूस माझ्या मागं लागला होता. पत्र देताना तेच, मनिऑर्डर देताना तेच. "सोडा हो त्याला." शेवटी भर बाजारात, चार माणसांत मी म्हणालो, "एवढा पुळका आहे ना, तर तुम्हीच बसा साखळीला! बसून दाखवा, मग कुत्रं सोडतो."

वाटलं, गप्प बसतील. ते बोटांवर दिवस मोजत म्हणाले, "सात दिसांची रजा मिळंल मला. सा दिस बसतो. सातव्या दिशी झोपतो. चाललं?"

चार माणसं हसली. मी पण हसलो. म्हटलं, चालेल.

दुष्काळाच्या आधीचा तो मार्गशीर्ष. ते वखारीत आले, शिंप्याची टेप घेऊन. खंड्याची साखळी मोजली. तेवढीच, साडेचार हातांची, तसल्याच कड्यांची साखळी आणली. बाजारतळावरच्या लिंबाला एक टोक. दुसरं टोक गळ्यात अडकवणार होते, पण रूथवहिनींनी हात धरला. मग कमरेला बांधलं, डाकेच्या जुन्या थैलीचा पट्टा घालून. त्याला कुलूप. किल्ली वहिनींच्या पदराला. शेजारी एक पाटी, खडूनं लिहिलेली: 'मी सहा दिवस. तुमचा कुत्रा किती?'

पहिल्या दिवशी आपण काय केलं? हसलो. आदल्या साली तो सायकलवाला आला होता ना, रात्रंदिवस गोल गोल फिरणारा, तसलाच काही खेळ आहे म्हणून पोरंटोरं, बायाबापड्या बघायला आली.

पण खरी गंमत दुसऱ्या दिवशी झाली. शमुवेलभाऊंनी तारीख धरली ती पोस्टाच्या कॅलेंडरवरून. रजा ज्या दिवशी मंजूर, त्या दिवशी सुरुवात. पंचांग कोण बघतो? आणि नेमका तोच दिवस निघाला खंडोबाच्या नवरात्राचा पहिला! सहा दिवस, आणि सहाव्या दिवशी चंपाषष्ठी. आता आपलं गाव कसलं? माणूस सहा दिवस साखळीला बसलाय, कुत्र्यासाठी बसलाय, आणि कुत्रं तर देवाचं. म्हणजे हा नवसाचाच, दुसरं काय! पारूआजीनं येऊन भरल्या मुठीनं त्यांच्या कपाळाला भंडारा फासला. म्हणाली, "पोस्टमन, कंच्या कामाचा नवस बोललास रं बाबा?"

"आजी, मी चर्चमधी जातो," हे म्हणाले.

"आसू दे की," आजी म्हणाली. "देव कुनाला बी धरतो."

पाळकसाहेब, तुम्ही हसताय. त्या दिवशी तुम्ही हसत नव्हता. तुम्ही धावत आला होता. "शमुवेल, हे कपाळाला काय?" तेव्हा भाऊ काय म्हणाले? म्हणाले, "पाळकसाहेब, हळद हाय. आन कुत्र्याला जात-धर्म इचारून कोन बांधतो?" त्यावर तुम्ही तिथंच मांडी घालून बसला आणि त्यांच्याबरोबर भाकरी खाल्ली. हे मी पाहिलंय.

तिसऱ्या दिवशी मात्र हसणं थांबलं. रूथवहिनी, हे तुम्ही मला नंतर सांगितलंत, आज सगळ्यांपुढं सांगू का? ...सांगतो. त्या दिवशी वहिनी भाकरी घेऊन गेल्या, जरा उशीर झाला होता. आणि तीस वर्षांच्या संसारात ज्या माणसानं आवाज चढवला नव्हता, तो त्यांच्यावर खेकसला. ताटली ढकलली. वहिनी कडेला उभ्या राहून रडल्या. आणि मग हा माणूसही रडला. मी तिथून चाललो होतो, मला हाक मारली. म्हणाले, "दगडूशेठ, तीन दिस झालं फकस्त. तीन दिसांत मी माज्या बायकूवर गुरगुरलो. तुमच्या खंड्याला पाच वर्सं झाली."

मी तसाच निघून आलो. पण चौथ्या दिवशी मी माझी लबाडी केली. आज कबूल करतो.

सकाळ-संध्याकाळ वहिनी त्यांना परसाकडं जायला सोडायच्या. घटकाभर. मी चार माणसं घेऊन गेलो आणि म्हणालो, "ही पैज मोडली! तुम्ही सुटता! सहा दिवस साखळीला, असं ठरलं होतं!" मला वाटलं, आता भांडण होईल. मला भांडणच पाहिजे होतं. भांडणात मी हरत नाही.

शमुवेलभाऊ मग म्हणाले, "बराबर हाय तुमचं. खंड्याला ही सवलत न्हाई. मी हारलो."

मी म्हटलं, "मग उठा."

म्हणाले, "न्हाई. पैज हारलो. बसायचं कुटं हारलोय?"

आणि बसून राहिले! मंडळी, पैज मी जिंकलो होतो. चार साक्षीदार होते. कुत्रं सोडायला मी आता बांधलेला नव्हतो. आणि त्या दिवसापासून मला भाकर गोड लागेना.

सहावा दिवस. चंपाषष्ठी. माळावरून ढोल आला, देवाचे वारू आले, सखाराम वाघ्या लंगर घेऊन आला. लंगर म्हणजे देवाची लोखंडी साखळी. ती एका हिसक्यात तुटली की वरीस चांगलं, हे पाहुण्यांना सांगायला नको. मिरवणूक सरळ लिंबाखाली थांबली. सगळं गाव म्हणायला लागलं, "पोस्टमन, तोडा! तोडा लंगर! यळकोट, यळकोट!"

शमुवेलभाऊ उठले. दाढी वाढलेली, कपाळावर सहा दिवसांचा भंडारा. कमरेची साखळी हातात धरली. ढोल थांबला. आणि ते म्हणाले, "मला तोडायची गरज न्हाई. माजी किल्ली हाय, त्या बाईच्या पदराला. ज्याला किल्ली न्हाई त्याचं काय, ते बोला."

बायकांच्या हातात ताटं होती. वांग्याचं भरीत, रोडगा. चंपाषष्ठीचा नैवेद्य आपण कुत्र्याला घालतो ना? वर्षातून एक दिवस कुत्र्याला देव म्हणायचं, ताट त्याच्यापुढं सरकवायचं, लांबूनच, काठीनं, कारण तो चावेल! मी लहानपणापासून हेच बघत आलोय, आणि हेच करत आलोय. त्या दिवशी ती ताटं बायकांच्या हातात तशीच राहिली.

रूथवहिनी गर्दीतून पुढं आल्या. पदराची गाठ सोडली आणि किल्ली कुणाच्या हातात दिली? माझ्या. मी खाली वाकलो, भाऊंच्या कमरेचं कुलूप धरलं, तर त्यांनी त्यावर हात ठेवला. हळूच म्हणाले, "आदी तिकडं."

मी वखारीकडं निघालो. मागं सगळं गाव. खंड्या गुरगुरला. पाच वर्षांत मी त्याच्या मानेला हात लावला नव्हता. मी, त्याचा मालक! मुठीत ती किल्ली. आणि जवळ जाऊन बघतो तर काय? तिथं कुलूप नव्हतंच. पट्ट्याला एक तार होती, वाकवलेली. मीच कधी तरी वाकवलेली. पाच वर्षं ती मला दोन बोटांनी काढता आली असती.

काढली. ही बघा ती तार. आज मी खिशात घालून आणलीय. ही मी इथं फोटोपाशी ठेवतो.

तार निघाली, साखळी पडली. आणि खंड्या पळाला नाही. लोक म्हणाले, आता चावंल, आता पळंल. तो चालला. साडेचार हात चालला आणि थांबला. पायांनी घोटून जमीन जिथं गुळगुळीत झाली होती, त्या रेषेवर. पुढं जाता येतं, हे त्याला माहीतच नव्हतं! मी रेषेच्या पलीकडं गेलो. मातीत बसलो. पारूआजीच्या ताटातला रोडगा हातावर घेतला आणि त्याला हाक मारली. पाच वर्षांत पहिल्यांदा शिवी न घालता मारली.

त्यानं एक पाय पुढं टाकला. मग दुसरा. मंडळी, माझ्या हातावर त्याचं नाक टेकलं, आणि मागं सगळ्या गावानं जी आरोळी ठोकली, ती तुम्ही ऐकलीत, तुम्हीच ठोकलीत! सखारामनं तिथल्या तिथं लंगर हिसकला, आणि तुटला! नंतर मी बाजारतळावर आलो, खंड्या माझ्या मागं, आणि मी शमुवेलभाऊंचं कुलूप काढलं. ते हसले आणि लिंबाला टेकून तिथंच झोपले. सातव्या दिवसाची रजा त्यांनी एक दिवस आधीच सुरू केली.

त्या दिवशी गावातल्या सगळ्याच कुत्र्यांच्या साखळ्या निघाल्या असं मी म्हणत नाही. दोन घरांनी दुसऱ्या दिवशी परत बांधलं. ती घरं इथं बसलीत, नाव घेत नाही, पण मी बघतोय. बाकी खळ्यावरचं सुटलं, विहिरीवरचं सुटलं. आणि दुष्काळात, लोक काटक्याही सोडत नव्हते तेव्हा, माझ्या वखारीतली ढलपी हलली नाही. मोकळं कुत्रं राखण जास्त करतं, हे मला पन्नाशीत कळलं.

खंड्या पुढं रोज भाऊंच्या सायकलीबरोबर वेशीपर्यंत जायचा. आता नव्या पोस्टमनबरोबर जातो. बायका म्हणतात, कुत्रं दिसलं की समजायचं, टपाल आलं.

आता दोन मिनिटं उभं राहायचंय. माझी एकच विनंती आहे. या दोन मिनिटांत जागचं हलायचं नाही. पाय आखडला तरी नाही, माशी बसली तरी नाही. दोनच मिनिटं. बघा कसं वाटतं. त्या माणसानं सहा दिवस काढले. आणि घरी गेल्यावर आपल्या दाराशी जाऊन तार कसली आहे, तेवढी बघा.

तिकडं लिंबाखाली खंड्या बसलाय. तो मध्येच भुंकला, तर कुणी त्याला हाड म्हणायचं नाही. आज गप्प आपण राहायचं.

शमुवेलभाऊ, टपाल पोचलं. माझी सही घ्या.

उभे राहा, मंडळी.