नवाबाचा जमादार मेंढरांमागं

बायको वारल्याचं तिच्या माहेरी सांगायला मी निघालो. त्या दिवशी गोदावरीच्या नावेत माझ्यापुढं एक धनगर जोडपं बसलं होतं.

"हैदराबादची जमादारी, एवढा पगार! कावून सोडली?"

"नवाबाच्या दारात नुस्ता उभा ऱ्हायचो, भामे. वर्सातून एकदा तुझं तोंड दिसायचं."

"आता रोज बघा. पण काल मेंढरांना 'हट जाव' म्हणलात, एक बी हाललं न्हाई."

"शिकतील उर्दू."

"आन् आता माहेरी गेल्यावर माझे आबा? त्यांनी पोरगी जमादाराला दिली हाय. घरी ठिवून घेतील मला."

"तू ऱ्हाशील?"

"म्या न्हाई ऱ्हायची. पण सांगायचं तुमीच."

"तू लाडकी हायस, तू सांग."

"लाडकी हाय म्हणूनच काठी तुमाला बसल."

नाव काठाला लागली. दोघंही उतरायला उठेनात. आबांना अजून कुणीच सांगितलं नव्हतं.