विलायती कंपनीचे शेअर

आमच्या वर्ध्याच्या बापूनं शेअर घ्यायचं कसं सोडलं, ते ऐका. पन्नास सालानंतरची गोष्ट. त्याची बहीण इंदू विधवा होऊन रोहण्याहून माहेरी आलती. तिले कायमची मिळकत व्हावी म्हणून बापू शिलाई मशीन बनवणाऱ्या एका विलायती कंपनीचे शेअर घेणार होता. मुंबईच्या दलालानं बजावलं, "हे शेअर क्वचितच कोणी घेतं. पुढे विकायचे झाले तर गिऱ्हाईक मिळेलच असं नाही."

तरी चौकशी करू म्हणून आम्ही दोघं गावातल्या शिंप्यांकडे फिरलो. जो तो त्याच कंपनीची मशीन दाखवे अन् म्हणे, "बापाच्या वेळची आहे, अजून बिघडली नाई."

बापू खुशीत घरी आला. इंदू भाकरी थापत होती. तो तिले सगळं सांगून राह्यला, तर मी मधेच म्हटलं, "बापू, मशीन बिघडतच नाई, तर नवी घेईन कोण?"

इंदूचा हात थांबला.

"मी घेईन," ती म्हणाली. "दादा, विलायतेतून नफा येईन म्हणून वाट पाह्यत बसण्यापरीस मले मशीनच घेऊन दे. मी कमवीन."

बापूनं दुसऱ्याच दिवशी मशीन आणली. पुढं इंदूनं कोणापुढं हात पसरला नाई, भावापुढंही नाई.