बादलीतला गणवेश

धाकटी : ताई, खुंटीवरचा माझा गणवेश कुठाय?

थोरली : पलंगावर आकाशी ड्रेस काढून ठेवलाय. तो घाल.

धाकटी : मी काय विचारलं?

थोरली : बादलीत आहे. भिजवलाय.

धाकटी : आज? अकराला कोर्टात उभं राहायचंय मला!

थोरली : म्हणूनच भिजवला. नुसता लपवला असता तर तू घर उलथंपालथं केलं असतंस.

धाकटी : धन्य आहेस बाई! सकाळी देवापुढे डोळे मिटून बसलीस, ते हेच ठरवत होतीस?

थोरली : देवाला मध्ये आणू नकोस. पोरगं तुला परत मिळावं म्हणून तीन महिने एकवेळ जेवतेय मी. न्यायाधीशांना समोर आई दिसायला हवी, बसची ड्रायव्हर नाही.

धाकटी : मी दोन्ही आहे.

थोरली : ते तुला नि मला कळतं. तुझ्या नवऱ्याच्या वकिलानं काय लिहिलंय? बाई पहाटे चारला पँट चढवून निघते, पोर परक्यांच्या भरवशावर.

धाकटी : परकी म्हणजे तू! सख्खी मावशी.

थोरली : हसण्यावारी नेऊ नकोस. आकाशी रंग कसा सोज्वळ दिसतो.

धाकटी : त्याला खांद्यावर झालर आहे, ताई. ती लावून खरं बोलले तरी मलाच खोटं वाटेल.

थोरली : एक दिवस वाटू दे.

धाकटी : तू काय घातलं होतंस?

थोरली : कधी?

धाकटी : तुझी मुलगी तिच्या बापाकडे गेली, त्या दिवशी. कोर्टात.

थोरली : तो विषय नको.

धाकटी : आजच हवा.

थोरली : सगळे म्हणाले, जुनं घाल, दया येईल. माझ्याकडे होतं ते सगळं धडच. मग एका चांगल्या ड्रेसच्या कोपरावर आदल्या दिवशी ठिगळ लावलं. माझ्याच हातानं.

धाकटी : खोटं ठिगळ?

थोरली : हो. आणि तिच्या बापाचा वकील म्हणाला, हिला स्वतःलाच धड कपडा नाही, ही पोरीला काय घालणार? ठिगळ खोटं आहे हे तिथं कोणत्या तोंडानं सांगणार होते मी?

धाकटी : इतकी वर्षं बोलली नाहीस.

थोरली : नाही बोलवलं गं.

धाकटी : आज पोराला तिथं आणणार आहेत. तो खिडकीत बसायचा ना, हा गणवेश कोपऱ्यावर दिसला की दाराकडे पळत सुटायचा. आज झालरवाल्या बाईला बघून बिचकला, बापामागे लपला, तर न्यायाधीश काय समजतील?

(न्हाणीघरात पाणी ओतल्याचा, मग कपडा पिळल्याचा आवाज.)

धाकटी : ताई? काय करतेयस?

थोरली : इस्त्री तापव. शर्ट वाळेल. पँट कमरेशी जरा ओली राहील.

धाकटी : राहू दे. भर पावसात बस चालवलीय मी.

थोरली : किती वाजले?

धाकटी : साडेनऊ.

थोरली : सुई दे इकडे. खिशाचं बटण लोंबतंय.

धाकटी : जाऊ दे गं, उशीर होईल. एवढ्याशा बटणाकडे कोण बघतंय?

थोरली : धर हे टोक. हे खरंच तुटलंय.